राखलेली जागा

१

सकाळी दप्तरखान्यात आल्यावर तिचं पहिलं काम कागदाचं नसे, पाण्याचं असे. मोठ्या दालनाच्या कोपऱ्यात हवेतली ओल शोषणारं एक यंत्र रात्रंदिवस घुमत असायचं, आणि शोषलेली ओल थेंबाथेंबाने त्याच्या पोटातल्या बादलीत साठायची. ती बादली मोरीत रिकामी करायची, भिंतीवरच्या काट्यावर ओलावा बघायचा, आणि मग हातमोजे चढवायचे. जुन्या कागदाचे दोन वैरी, ओल आणि वाळवी. तिसरा वैरी माणूस, पण त्यावर यंत्र निघालेलं नाही.

तिला सगळे दप्तरबाई म्हणत. सासूबाई कौतुकात असल्या की 'आमच्या दप्तरबाई' म्हणायच्या आणि रागात असल्या की नुसतंच 'बाई'.

सध्या तिच्यापुढे एका जुन्या दवाखान्याचं दप्तर होतं. शहराबाहेरच्या टेकडीवर एके काळी छातीच्या रोग्यांचा दवाखाना होता. तो बंद पडूनही जमाना झाला. तिथे केसपेपर नावाप्रमाणे लावत नसत की तारखेप्रमाणे. खाटेप्रमाणे लावत. एका खाटेवरचा रोगी गेला, मग तो चालत गेला काय आणि उचलून न्यावा लागला काय, पुढच्याचा कागद त्याच्यावर चढायचा. त्यामुळे दर खाटेचा एक गठ्ठा, सगळ्यात वर शेवटचा रोगी.

तिच्या धंद्याचे दोन नियम होते आणि ते तिने झोपेतही मोडले नसते. दप्तर ज्या क्रमाने आलं त्याच क्रमाने मांडायचं, आपली अक्कल पाजळायची नाही. आणि मधलं काही गहाळ असेल तर फट बुजवायची नाही. तिथे पुठ्ठा ठेवायचा आणि जागा राखायची. हरवलेलं कधी सापडेल सांगता येत नाही.

म्हणून तिने दालनात लांब टेबलांच्या दोन रांगा लावल्या आणि जुन्या वॉर्डात खाटा होत्या तसे गठ्ठे मांडले. डाव्या रांगेत खिडकीपासून दुसऱ्या खाटेचा गठ्ठा आलाच नव्हता. तिथे तिने पुठ्ठा ठेवला.

"बाई, तुम्ही तर दवाखानाच उघडलात," जिल्दकाका म्हणाले. फाटके कागद सांधणं आणि जिल्दी बांधणं हे त्यांचं काम, आणि दिवसातून एकदा तरी तिची फिरकी घेणं हा त्यांचा छंद. "आता एक नर्स तेवढी नेमा. नाहीतर रोगी तक्रार करतील."

"नर्स कशाला? तुम्ही आहात ना टाके घालायला."

काका खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने यंत्राची बादली ओढली, तर पाणी तिच्या चपलांवर सांडलं. आठवडाभरात जेमतेम भरणारी बादली एका रात्रीत काठोकाठ भरली होती.

२

भिंती ओल्या असतील, असं साहेब म्हणाले. तिने भिंतींवर हात फिरवून पाहिला, कोरड्या ठणठणीत. मग छत पाहिलं, मोरीची नळी पाहिली. हिवाळ्याची कोरडी हवा, ओठ फुटत होते, आणि बादली रोज भरत होती. पाणीही विचित्र. यंत्राचं पाणी गार असायला हवं. हे किंचित कोमट असायचं.

मग कागद हलायला लागले. हलायला म्हणजे उडायला नव्हे. पंखे बंद होते, खिडक्या लावलेल्या. गठ्ठ्यावरचा सगळ्यात वरचा कागद हलकेच उचलला जायचा आणि परत बसायचा. थोडा वेळ काही नाही, मग परत उचलला जायचा. समोर बसून पाहिलं की काही दिसायचं नाही. मान खाली घालून गंजलेल्या टाचण्या काढत बसलं की डोळ्याच्या कोपऱ्यात दोन्ही रांगा मंद वरखाली व्हायच्या.

"कागद पाणी पितो, फुगतो, परत आक्रसतो," जिल्दकाका म्हणाले. "चाळीस वर्षं बघतोय मी. जिवंत असतो बाई कागद."

"मग सगळे एकदम कसे हो फुगतात?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, रांगांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही जेवलात का?"

काकांचं म्हणणं बरोबरच असणार, असं तिने ठरवलं. तिची झोप होत नव्हती, आणि अर्धवट झोपेत माणसाला भिंतीही हलताना दिसतात. झोप का होत नव्हती, याला कारण होतं. तिच्या मुलीची छाती.

पोर दुसरीत होती. घरात तिला गुंडी म्हणत, कारण बाळपणी ती तेवढीच होती. जन्मापासून दम. रात्र झाली की तिचा श्वास ऐकू यायला लागायचा, दोन आखूड आणि एक लांब, लांबच्या टोकाला बारीकशी शीळ. नवरा फिरतीच्या नोकरीवर, महिन्यातून चार दिवस घरी. ती शीळ ऐकत जागी राहणारी एकटी आईच. शंभर पोरं अंधारात निजवली असती तरी तिने आपली पोर श्वासावरून उचलून आणली असती.

३

सासूबाईंना दात काढायला जायचं होतं आणि नेमकी शाळेला सुट्टी. तेव्हा गुंडी आईबरोबर दप्तरखान्यात आली. सकाळभर तिने काकांच्या खळीत बोटं घातली, रद्दी पुठ्ठ्याचं घर केलं, आणि मधूनमधून खोकली. दुपारी खोकला वाढला. आई औषधाचा फवारा शोधायला पिशवीकडे गेली, आणि परत येऊन बघते तो दालनात खोकला नाही आणि पोरही नाही.

गुंडी टेबलावर झोपली होती. डाव्या रांगेत, खिडकीपासून दुसऱ्या जागी. पुठ्ठा उचलून उशाला घेतला होता. दोन्ही बाजूंना गठ्ठे आणि मध्ये ती, गुडघे पोटाशी घेऊन, गाढ.

तिला आधी राग आला. दप्तराच्या टेबलावर पाणीसुद्धा ठेवू न देणारी बाई ती. मग तिने वाकून पाहिलं. पोरीचा श्वास एकसारखा चालला होता, संथ, न अडखळता. अशी झोपलेली गुंडी तिने कधी पाहिलीच नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. झोपू दे, तिने ठरवलं. काकांनी आपला कोट आणून अंगावर घातला, आणि नेहमी बडबडणारे काका चक्क चवड्यांवर चालत गेले.

दुपार कलल्यावर गुंडी उठली.

"खोकला नाही आला?"

"नाही." गुंडीने डोळे चोळले. "इथे सगळे एकदम श्वास घेतात ना, मग मला पण जमलं."

"सगळे म्हणजे कोण गं?"

आईला साधासुधा प्रश्नही कळत नाही, असा चेहरा गुंडीने केला. "आई, मला भूक लागलीय."

४

त्या दिवसापासून खोकला गेला. दम गेला, शीळ गेली, फवारा फडताळात धूळ खात पडला. गुंडी जिने चढायची, दोरीवरच्या उड्या मारायची. सासूबाईंनी तिची दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली.

आणि आईची झोप पार उडाली. घरातली ती शांतता तिला सोसेना. ती पोरीच्या उशाशी कान नेऊन बसायची. अंग गरम, गाल लाल, झोपेत बडबडही चालू. पण श्वासाचा आवाज नाही. अगदी काहीच नाही.

"अगं, पोर शांत झोपतेय तर तुला तेच खुपतंय!" सासूबाई म्हणाल्या. "सुख दुखतं म्हणतात ते असं."

"आई, तुम्हीच ऐका बरं जरा."

"मला आधीच कमी ऐकू येतं. आणि निरोगी माणसाचा आवाज कशाला यायला पाहिजे?"

बोलणं बिनतोड होतं. तिने स्वतःला समजावलं, की वर्षानुवर्षं गिरणीशेजारी राहिलेल्या माणसाला गिरणी बंद पडली की झोप लागत नाही, तसंच हे.

मग एका सकाळी थंडी कडाक्याची पडली. कोपऱ्यावर शाळेच्या गाडीची वाट बघत पोरं उभी होती आणि तोंडातून धूर काढण्याची शर्यत लागली होती. गुंडीने गाल फुगवले, डोळे मिटले आणि जोर लावून फुंकलं. तिच्या तोंडापुढे काहीच आलं नाही. परत फुंकलं. स्वच्छ, रिकामी हवा.

"हिचं इंजिन बंद पडलंय!" एक मुलगा ओरडला, आणि सगळी पोरं हसली. गुंडीही हसली. हसतानाही तिच्या तोंडापुढे काही आलं नाही.

आईने आपला चष्मा काढून तिच्यापुढे धरला. "पुसून दे गं राणी, हा करून." गुंडीने काचेवर ओठ टेकवून "हा" केलं, पुन्हा पुन्हा केलं. काच होती तशी राहिली. मग आईने स्वतः एकदाच "हा" केलं, आणि काच पांढरी झाली.

त्या दिवशी गुंडी शाळेत गेली नाही.

५

डॉक्टरांनी नळी पोरीच्या छातीला लावली. पाठीला लावली. मग नळीवर टिचकी मारली, स्वतःच्या छातीला लावून मान डोलावली आणि परत पोरीच्या पाठीला लावली.

"छाती स्वच्छ आहे," ते म्हणाले. "इतकी स्वच्छ, की…" त्यांनी नळी कानांतून काढली. "ही नळीच बदलायला झाली."

"म्हणजे तुम्हाला ऐकू आलं, की नाही आलं?"

"बाई, पोर समोर उड्या मारतेय. मी काय ऐकतो त्यापेक्षा ती काय करतेय ते बघा ना." पण हे बोलताना ते पोरीकडे बघत नव्हते. नळी गुंडाळून त्यांनी खणात टाकली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

तिने गुंडीला सासूबाईंकडे सोपवलं आणि तडक दप्तरखाना गाठला. जाताना मनाशी म्हणत होती, आपण उगाच जातोय, तिथे काय असणार, कागद असणार. पाय मात्र धावत होते.

६

दालन गारठलं होतं, पण खिडकीच्या काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या आणि त्यांवरून पाणी ओघळत होतं. यंत्र बादली भरून आपोआप बंद पडलेलं. त्याची घुमघुम थांबल्यावर दालनाचा खरा आवाज पहिल्यांदाच कानावर आला. समुद्र दूर असावा आणि वारा आपल्याकडे असावा, असा.

ती राखलेल्या जागेपाशी गेली. पुठ्ठा होता तिथेच होता. पुठ्ठ्याच्या वीतभर वर गार हवेत वाफेचा एक लहानसा झुबका उमटला आणि विरला. मग दुसरा. मग जरा मोठा, सावकाश, आणि त्याच्या टोकाला बारीक शीळ.

तिने हात पुढे केला. तळव्याला ऊब लागली. दोन आखूड, एक लांब.

बाकीच्या टेबलांकडे तिने पाहिलं नाही. तिथे काय आहे ते डोळ्याच्या कोपऱ्यात दिसत होतं, तेवढं पुष्कळ होतं.

किती वेळ ती तशी उभी होती कोण जाणे. साहेब दारातून बोलले तेव्हा ती दचकली. "बाई, बरं झालं भेटलात. दालन उद्याच रिकामं करायचंय. सकाळी माणसं येतील, सगळं खोक्यांत भरतील आणि नव्या गोदामात नेतील. तुम्ही नुसतं लक्ष ठेवा."

"साहेब, थोडे दिवस द्या."

"कशाला?"

काय सांगणार होती ती? "अजून क्रम लागायचाय," ती म्हणाली.

"अहो, कागद काय पळून जातात का? तिकडे लावा क्रम." साहेब हसले आणि गेले.

साहेबांचं काही चुकलं नव्हतं. पण उद्या या दोन रांगा मोडल्या, की ही जागाच राहणार नव्हती, आणि तिच्या पोरीचा श्वास या जागेवर होता. जागा गेली की तो कुठे जाईल, आणि तो गेल्यावर घरात दोरीवरच्या उड्या मारणारी पोर किती दिवस उड्या मारील, हा विचार तिला पुरता करवेना. जिथे सोडलं तिथूनच उचलायचं, एवढंच तिला सुचलं. दप्तराच्या कामातही तेच करतात.

७

माणसं यायच्या आत ती गुंडीला घेऊन आली. पहारेकऱ्याने जांभई देत कुलूप काढलं. नुकतं उजाडत होतं. पांढऱ्या काचांतून मळकट उजेड येत होता आणि टेबलांचे नुसते आकार दिसत होते.

"परत इथे झोपू?" गुंडीने विचारलं. तिला गंमत वाटत होती.

"हो राणी. थोडाच वेळ."

डाव्या रांगेत पुठ्ठा दिसला. तिने तो उचलला, तर दमट लागला. खिडकीच्या गारव्याने असेल. तिने शाल अंथरली, पोरीला निजवलं, आणि तिचा हात हातात घेऊन उभी राहिली. गुंडी दिवा मालवावा तशी झोपली.

दालन आपलं चालू होतं. वर, खाली. वर, खाली. तिलाही त्याच चालीत श्वास घ्यावासा वाटू लागला. तिने मुद्दाम मध्येच खाकरून ती चाल मोडली, आणि कुठेतरी उजव्या रांगेत कुणीतरी तसंच खाकरलं. काकांच्या म्हणण्याप्रमाणे कागद आक्रसला असेल, असं ती स्वतःला सांगत राहिली. पोरीचा हात तिने इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली.

खाली फाटकाशी गाडी थांबली. माणसांचे आवाज आले, खोक्यांचे पुठ्ठे जिन्यावर घासत येऊ लागले. आणि गुंडीची छाती एकदम फुगली, बुडणारं माणूस वर आल्यासारखी. तोंड उघडलं आणि त्यातून वाफेचा मोठा लोट बाहेर पडला.

तिने पोरीला शालीसकट उचललं आणि मागे न बघता जिना उतरली.

८

कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे तिने गरम दूध घेतलं. बाकावर बसून गुंडी पाय हलवत दूध पीत होती, आणि दर घोटानंतर तिच्या तोंडातून वाफ येत होती. भरभरून, दाट. आई बघत राहिली. हसू आवरेना आणि रडू आवरेना, असं तिचं झालं. चष्मा पुढे केला. काच पांढरी झाली. तिने पोरीला कुशीत ओढलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसलं. खोकला परत येईल, दम परत येईल. येऊ दे. जन्मभर रात्री जागून काढीन, ती मनात म्हणाली.

गुंडीने दुधाचा पेला खाली ठेवला आणि खोकली.

तो खोकला खोलातून आला. आधी छातीत काहीतरी खरडलं, मग ते जड, चिकट असं वर सरकत आलं, आणि शेवटी थकून एक लांब कण्हणं. चहावाल्याने मागे वळून पाहिलं. कुणी म्हातारा माणूस बसलाय, असं त्याला वाटलं असावं. बाकावर गुंडी होती. तिने मनगटाने तोंड पुसलं.

आईचे हात तिच्या पाठीवर जागच्या जागी थांबले.

"अरे वा! आज पेशंट सकाळीच?" जिल्दकाका डबा हलवत रस्ता ओलांडून येत होते. "बाई, तुम्हाला सांगायचं राहिलं. काल तुम्ही गेलात, आणि मी बघतो तर काचेवरचं पाणी थेट खिडकीशेजारच्या पहिल्या गठ्ठ्यावर गळतंय. म्हटलं, भिजून लगदा होईल. मग तो गठ्ठा उचलून तुमच्या रिकाम्या जागेवर ठेवला आणि पुठ्ठा त्याच्या जागेवर. फट काही बुजवली नाही हं! नियम म्हणजे नियम."

काकांना शाबासकी हवी होती. तिने त्यांच्या हातात पोरीचा हात दिला. "हिला बघा," एवढंच म्हणाली आणि धावत सुटली.

दालनातली डावी रांग संपली होती. टेबलं उघडी पडली होती, आणि भिंतीशी सारखीच दिसणारी खोकी एकावर एक चढली होती, चिकटपट्टी लावून बंद.

"खिडकीकडचे गठ्ठे कशात भरले?" तिने विचारलं.

"यातच कशात तरी," मजूर म्हणाला. "नंबर गाडीत चढवताना घालू ना, बाई."

"हलवू नका. कुणी बोलू नका."

मजूर हातातली पट्टी तशीच धरून उभा राहिला. तिने पहिल्या खोक्याला कान लावला. काही नाही. पुढच्याला लावला. आणि मग त्या थप्पीत कुठेतरी, आत, पुठ्ठ्यामागे, तिला ऐकू आलं. दोन आखूड. एक लांब. भेदरलेलं, अडखळत, पण गुंडीचंच. टोकाला ती शीळ.

तिने स्वतःचा श्वास धरून ठेवला. डावीकडे होतं की वर? ती एकेका खोक्यावरून कान सरकवू लागली.

"आई?"

जिन्यावरून काकांचा आवाज येत होता, "हळू, बाळ, हळू, ठसका लागेल." आणि मग तो जुना, जड खोकला पायरी पायरी वर चढू लागला. जवळ आला, दालनभर झाला, आणि त्याच्यापुढे तिला दुसरं काहीही ऐकू येईना.